नागोजीचा बगळा

...आणि वर हीच माणसं म्हणणार, नागोजीचा हात थंड! तुम्हाला सांगतो, हात थंड न्हाई हो, नशिबाला गिऱ्हाईकंच थंड. खडेबाजारात फोटोचं दुकान टाकलं, काळं कापड, तिवई, मागं रंगवलेली बाग, सगळं हाय, पण लग्नाला कोण बोलवंल? न्हाई. बारशाला? न्हाई. म्हातारं कुठं गचकलं की मात्र टांगा दारात, "नागोजी, चला, उचलायच्या आत एक फोटो काढा." मग हा जाणार, म्हाताऱ्याला खुर्चीत बसवणार, पाठीला काठी, डोक्याला फेटा, डोळे बोटानं उघडणार, आणि कापडात डोकं घालून सवयीनं म्हणणार, "हलू नका." कोण हलतंय?

पण त्याचा काय दोष, सांगा की. कँपातल्या गोऱ्या साहेबानं टाकून दिलेला कॅमेरा, समोरच्यानं जरा दम धरला तर चित्र उमटणार, आणि जित्या माणसाला कुठला दम? एकदा बारशाला बोलावलं, तर बाळ हललं, आई हलली, आत्या तर हसायचीच थांबंना... फोटोत प्रत्येकाला दोन-दोन तोंडं. तवापासनं जितं माणूस त्याची पायरी चढंना. आणि घरात लेक लग्नाची, सुनंदा. स्थळ येतंय, पोहे खातंय, बापाचा धंदा विचारतंय आणि पान न खाताच उठतंय. आता शहापूरचं एक आलंय, मुलगा शाळामास्तर, 'विचार करून कळवतो' म्हणून गेलेत. बायको जयाबाई म्हणाली, "दुकानाच्या काचेतली ती मढी काढा आधी. काहीतरी जितं लावा. शहापूरकर त्याच वाटेनं जातेत."

जितं कुठनं आणायचं? तर शेजारचा यल्लाप्पा शिंपी रविवारी खानापूरकडच्या तळ्यावर मासे धराय निघाला, हा कॅमेरा खांद्यावर टाकून त्याच्यामागं. पाखरांचे फोटो काढणार म्हणे! तळ्यावर पाखरं लई, पण यल्लाप्पाचं तोंड त्याहून लई. गळ जरा हलला की "घावलाऽ नागोजी, घावला" आणि बदकं भुर्र. नागोजी कंबरभर चिखलात, कापडात डोकं, म्हणतोय "हलू नका", तवर पाणकोंबड्या भुर्र. दुपार कलली. यल्लाप्पाच्या गळाला एक खेकडा, नागोजीच्या नशिबाला यल्लाप्पा.

आणि मग, तुम्हाला सांगतो, आला बगळा. राखी, उंच, एका पायावर, यल्लाप्पाला न बघितल्यागत करून, मान आखडून पाण्यात बघत उभा. नागोजीनं हात जोडले. "हलू नका, मालक."

यल्लाप्पा म्हणाला, "बगळ्याला अहो-जाहो व्हय रं?"

पण बगळा हलला न्हाई. अख्ख्या जन्मात नागोजीचं ऐकलेला तो पहिला जिता जीव. फोटो झाला आणि हा तिथंच चिखलात उभा राहून रडला की हो.

काय फोटो आला... पीस न् पीस मोजून घ्या. मढी काढली, बगळा काचेत लावला, बाजार गोळा झाला. मालुबाई भाजीवाली म्हणाली, "अगाई, कशानं गेला ओ?"

"जिता हाय."

"व्हय, अगदी जिताच वाटतोय. हात हाय बघा तुमचा."

दुसरा म्हणतोय, "मागची काठी तेवढी दिसाय लागलीया."

"अहो, तो पाय हाय त्याचा."

"मग दुसरा पाय कुठं गेला?"

आता काय सांगणार, कपाळ? यल्लाप्पाला साक्षीला ओढून आणलं, तर हा शहाणा म्हणतोय, "मी हुतो की तिथं. शेवटपतोर हलला न्हाई बिचारा."

तेवढ्यात शहापूरकर, मास्तराचे वडील, काचेपुढं. बघतायत, बघतायत, डोळ्यांत पाणी. नागोजीनं टोपी सारखी केली. ठरलं, सुनंदाचं ठरलं, देव पावला. शहापूरकर आत आले. "मेलेलं पाखरू एवढं जितं उभं केलंसा," म्हणाले, "आमच्या आप्पांना बी असंच बसवा. पहाटेच गेले. टांगा उभा हाय."

नागोजीनं भीत भीत विचारलं, "आणि मुलीचं?"

"राग मानू नका. पण ज्या हातानं आप्पांना बसवायचं, त्याच हातचं कन्यादान घ्यायचं, आमच्या घरात बायका ऐकायच्या न्हाईत."

मग काय करणार... गेला. काठी लावली, फेटा बांधला, डोळे उघडले, कापडात डोकं घातलं आणि म्हणाला, "हलू नका."

न्हाई हलले आप्पा. तुम्हाला सांगतो, होणाऱ्या सोयऱ्यांत नागोजीचं ऐकणारा तेवढा एकच निघाला.