जाण्यापुरतं

मागे रांग वाढत चालली होती. पंपावरचा माणूस नळी हातात धरून ताटकळला होता आणि गाडीतल्या नवरा-बायकोचं काही मिटेना.

“अहो, एकदाची टाकी फुल्ल करा ना!”

“भर दुपारी? निम्मं वाफ होऊन जातं. सकाळी गारव्यात भरू.”

“आज सकाळी तर म्हणालात, हा पंपवाला मापात मारतो.”

“हळू बोल, ऐकतोय तो.”

“ऐकू दे! तुमच्या बहिणीकडे जायचं असलं की कुठलाही पंप चालतो, कुठलीही वेळ चालते. माझ्या आईचं नाव काढलं की काटा लालवर आणि तुम्ही ढिम्म!”

“अगं, योगायोग असतो.”

“दर वेळी?”

पंपवाल्याला राहवेना. “ताई, किती टाकू?”

“आईकडे जाण्यापुरतं टाका. येण्याचं हे बघतील.”