क्राउझ सरांनी वाचलेलं आमचं आडनाव

समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या मुख्याध्यापिका डॉ. नोएलिया एस्पार्सा, व्यासपीठावरील शिक्षण मंडळाचे सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती श्री. वेन्डेल क्राउझ, एकतीस वर्षं त्यांची जेवायला वाट पाहूनही आमच्यावर कधी न रागावलेल्या त्यांच्या पत्नी लोरीनबाई, आणि मागे धुरावर भाजलेल्या ब्रिस्केटच्या परातीकडे डोळा ठेवून बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी एलोदिया ग्वाहार्दो. याच शाळेत शिकले आणि गेली चौदा वर्षं इथेच गणित शिकवते. सरांबद्दल बोलशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. कारण जुन्या मंडळींना ठाऊक आहे. या चौदा वर्षांत मी सरांशी कामापुरतंच बोलले. ते शिक्षकांच्या खोलीत आले की मी कॉफीचा कप उचलून चालती व्हायची. अशा बाईला निरोपाचं भाषण करायला लावायचं, ही मुख्याध्यापिकाबाईंची विनोदबुद्धी म्हणायची.

दर मे महिन्यात स्टेडियमवर बारावीच्या मुलांना दाखले देतात आणि माइकवर नावं वाचतात क्राउझ सर. त्याआधीचे पंधरा दिवस ते संध्याकाळी जुनी पिकअप काढून घरोघर जातात. सुतारकामाचे मास्तर, हातात कार्डांचा गठ्ठा, आणि दारात एकच प्रश्न, की तुमच्या घरी हे आडनाव कसं म्हणता? आता आपल्या टेक्सासातल्या गावात दोन घरं सोडून राहणारे चुलतभाऊसुद्धा आपलं स्पॅनिश आडनाव वेगवेगळं म्हणतात. एकाला इंग्रजी वळणानं म्हटलेलं चालतं, दुसऱ्याला तसं म्हटलं की राग येतो. सर कुणालाच शहाणपण शिकवत नाहीत. घरचे सांगतील तसं कार्डावर लिहितात आणि पिकअपमध्ये बसून मोठ्यानं घोकतात. एवढी मेहनत कोण घेतो हो?

आमच्या घरी ते आले तेव्हा मी अठराची होते. दार आपांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी उघडलं. ते इथेच आहेत, तिसऱ्या टेबलावर, आणि मी हे सगळं सांगतेय म्हणून कपाळाला आठ्या घालून बसलेत. तर आपा म्हणाले, "गुआजार्डो म्हणा, सर. तुमच्या जिभेला सोपं जाईल." मी मागून म्हटलं, अहो, ग्वाहार्दो. आपांनी मागे वळूनही पाहिलं नाही. सरांनी आपांचं लिहून घेतलं आणि समारंभात तेच वाचलं. सगळ्या गावासमोर मला कुणीतरी परक्या नावानं हाक मारली, असं वाटलं मला. दाखला खाली मान घालून घेतला. पुढे धाकट्या भावाच्या वेळीही तेच झालं.

आपांशी मी खूप भांडले. त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी ते कापूस वेचायला जायचे. सकाळी मुकादम यादी वाचायचा. जे नाव त्याच्या तोंडात बसत नसे, त्याला तो शेवटी बोलवायचा, आणि तोवर ट्रक भरलेला असायचा. मग आपांनीच त्याला आपलं नाव सोपं करून दिलं, आणि पुढे सगळ्यांनाच तसं देत गेले. हे ऐकल्यावर आपांवरचा माझा राग गेला. सरांवरचा मात्र मी सांभाळून ठेवला. कुणावर तरी हवाच ना?

या वर्षी माझा भाचा आदान, त्याच धाकट्या भावाचा मुलगा, बारावी झाला. सर आमच्याकडे शेवटचे आले. मी ओट्यापाशी होते. सर बसले, कार्ड काढलं, पण पेन खिशातच राहू दिलं. म्हणाले, "दोन्ही मुलांच्या वेळी तुम्ही सांगितलंत तसं वाचलं. तुमचं नाव, तुमचा शब्द. पण पोरीचा चेहरा मी माइकमागून पाहिला होता, तो अजून विसरलो नाही. आता माझ्या जिभेचं राहू द्या. तुमची आई कसं म्हणायची?"

आपा हळूच म्हणाले, "ग्वाहार्दो."

सर म्हणाले, गुआहार्डो. आपा म्हणाले, "नाही. जीभ दातांना लावा." एक्क्याऐंशी वर्षांच्या माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा एका गोऱ्या माणसाची चूक काढली, आणि मग काढतच राहिले. बीन्स गरम झाले, टॉर्टिया भाजून झाल्या, जेवतानाही शिकवणी चालूच. सर अंगणातून घोकत पिकअपकडे निघाले, तर आपा दारातून दुरुस्त करताहेत. मी आत जाऊन पोटभर रडले. सांगायला लाज कसली?

समारंभात आदानचं नाव आलं. सरांनी जपून वाचलं, तरी शेवटी 'द'चा 'ड' झालाच. मी आपांकडे पाहिलं. ते उभे होते. आदान दाखला घेऊन खाली उतरेपर्यंत ते बसले नाहीत. मी पडले गणिताची बाई, गप्प कशी राहीन? गाडीत म्हटलं, आपा, एवढं शिकवून सरांचं चुकलंच की.

"थोडं चुकलं," आपा म्हणाले. "पण आमचंच होतं."

क्राउझ सर, चौदा वर्षांची माफी एका भाषणात मागून होत नाही, तरी सगळ्यांसमोर मागते. लोरीनबाई, तुमचे आभार, आता ते वेळेवर जेवायला येतील. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींनी माझ्यापायी जेवण पुन्हा गरम केलं, त्यांचीही मी ऋणी आहे. पुढच्या मेपासून माइक माझ्या हातात आहे. कार्डांचा गठ्ठा घेऊन मी तुमच्या दारी येईन. आज बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. पण स्टेडियमवर तुमचं आडनाव माझ्याकडून चुकलं, तर गप्प बसू नका. बसल्या जागेवरून ओरडून सांगा. मी थांबेन आणि पुन्हा वाचेन.