उजवी खिडकी

नणंद: अक्षरं मोठी केली, मागचा पिवळट रंग जाऊन पान पांढरंशुभ्र झालं, तुझी चित्रं वर आणली. राहता राहिलं हे घर. त्याचं काय करू, वहिनी?

वहिनी: काढून टाक.

नणंद: अख्खं?

वहिनी: मग काय, नुसती पायरी ठेवतेस?

नणंद: अगं, तुझ्या वेबसाइटचं तोंड आहे ते! पेन्सिलीनं काढलेलं घर, दोन खिडक्या, दारावर बोट ठेवलं की आत चित्रं. तू काढलंस आणि दादानं जिवंत केलं. लोक बाकी सगळं विसरतात, ते दार नाही विसरत.

वहिनी: आणि दारात उभे राहून काय विचारतात? डावी खिडकी तुमची, मग उजवी कोणाची? उद्या त्या प्रकाशकबाई साइट बघून ठरवणार आहेत, मुलांचं पुस्तक मला द्यायचं की नाही ते. तुझा दादा गेल्यापासून एक धड काम हाती आलेलं नाही, चिमणे. हेही गेलं तर पुन्हा कुणी बोलावेल असं वाटत नाही. मला त्यांना माझे हत्ती दाखवायचेत, माझी माकडं दाखवायचीत. माझं दुःख नाही दाखवायचं.

नणंद: बरं बाई. ‘माझ्याविषयी’ लिहिलंय तिथे सगळीकडे ‘आम्ही’ आहे. ‘आम्ही सकाळी चित्रं काढतो, आम्हाला मांजरं आवडतात.’ तेही बदलू?

वहिनी: बदल. मांजरं त्यालाच आवडायची. मला शिंका येतात.

नणंद: मग असं करू का? घर राहू दे, लहान करून कोपऱ्यात ठेवते. दिवे तेवढे काढते.

वहिनी: दिवे का?

नणंद: असंच. जुनाट दिसतात.

वहिनी: वन्सं, तुम्ही खोटं बोललात की आधी तुमचे कान लाल होतात. आरशात बघा.

नणंद: तू घाबरशील.

वहिनी: बोल गं.

नणंद: दादाचा दिवा लागतो. त्यानं सोय कशी केली होती, आठवतं ना? तुझा फोन घरच्या वायफायला लागला की डाव्या खिडकीत दिवा, त्याचा लागला की उजव्या. कामावर बसून बघायचा, तू घरी पोचलीस का ते. आम्ही किती चिडवायचो त्याला! तर गेला आठवडाभर मी ऑफिसात ही साइट समोर ठेवून बसलेय. सकाळी उजवी खिडकी उजळते. मग थोडा वेळ विझते. पुन्हा उजळते. बिघाड म्हणावा, तर बिघाड असा रोज वेळ सांभाळून होत नाही, वहिनी. माणूस बाहेर जाऊन यावा तसं चाललंय.

वहिनी: मला माहीत आहे.

नणंद: माहीत आहे?

वहिनी: बसस्टॉपवर उभी होते. हाताला चाळा म्हणून साइट उघडली. माझी खिडकी काळोखी, आणि त्याची उजळलेली. मी पळत सुटले गं. समोर बस येत होती, तिच्यासाठीही थांबले नाही. चपलेचा अंगठा तुटला, चप्पल हातात घेतली. दारापाशी आले आणि किल्ली मुठीत धरून जिन्यात बसले.

नणंद: आत का नाही गेलीस?

वहिनी: आत आई कुणाशी तरी बोलत होत्या. लाडानं, अगदी हळू. दार उघडलं नाही तोवर तो आत होता. उघडलं असतं तर?

नणंद: मग?

वहिनी: मग आईंनीच उघडलं. म्हणाल्या, अशी काय बसलीस उकिडवी, आत ये. घर नेहमीसारखं रिकामं. म्हणून म्हणते, काढून टाक ते. मला रोज असं धावत यायचं नाहीये.

नणंद: वहिनी, त्याचा फोन कुठे आहे?

वहिनी: कपाटात. त्याच्या निळ्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलाय, बंद करून.

नणंद: बघ बरं.

वहिनी: बघायचं काय त्यात? हा स्वेटर, आणि हा… चिमणे, यात काहीच नाही गं.

(आई आतल्या खोलीतून येते. पायात चप्पल, हातात कापडी पिशवी.)

आई: काय हरवलं गं दोघींचं?

नणंद: आई, दादाचा फोन…

आई: हा काय, पिशवीत. भाजीला निघालो होतो.

वहिनी: आई, तुम्ही?

आई: चार्ज करते रोज. तू आंघोळीला गेलीस की. मला त्यातलं काही कळत नाही बाई, पण त्यानं टॅबवर एवढं शिकवून ठेवलं होतं. आई, ही खिडकी उजळली की मी आलो समज आणि ताट घे. तेवढं येतं मला.

नणंद: आणि मधेच विझते ती?

आई: तेव्हा आम्ही बाजारात असतो. कपाटात किती कोंडून ठेवायचा त्याला? वाटेनं बोलते थोडं. लोकांना वाटतं, म्हातारी फोनवर बोलतेय. हल्ली वेड लागलं तरी कुणाला कळत नाही, तेवढी एक सोय झाली बघ.

नणंद: आई, रडवू नकोस.

आई: रडायचं काय? परत आले की पिशवी ठेवते, टॅब उघडते. आपलं मनातल्या मनात म्हणते,
उजळली गं खिडकी, उजेड वाटेवरी,
पाऊल नाही वाजलं, बाळ माझं आलं घरी.

वहिनी: आई, ते घर मी काढायला सांगितलंय.

आई: ऐकलं. भिंत केवढीशी.

नणंद: आई, मी एक करते. त्याचा दिवा कायमचा लावून ठेवते. फोन असो, नसो. तुला रोज काही करायलाच नको.

आई: नको. अजिबात नको.

नणंद: का गं?

आई: कायम जळतो तो फोटोपुढचा दिवा. घरातलं माणूस बाहेर जातं, उशीर करतं, जीव टांगणीला लावतं आणि मग येतं. तो विझतो म्हणून तर मी वाट बघते, चिमणे. वाट तरी बघू दे.

वहिनी: मग मी काय करू, आई? खरंच सांगा. मला ते काम हवंय.

आई: घे की काम. ही साइट म्हणजे तुझं दुकान. दुकानाच्या दर्शनी भागात कुणी आपली निजायची खोली मांडतं का? हत्ती ठेव पुढे. मला मागचं दार दे. असतं का तसलं काही तुमच्यात?

नणंद: असतं. घराचं पान वेगळं काढते. त्याचा पत्ता माहीत असल्याशिवाय कुणाला सापडायचं नाही. फक्त तुला देते.

आई: हिलाही देऊन ठेव. बघायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

वहिनी: माझी खिडकी तेवढी काढ त्यातून.

आई: राहू दे. तू घरी पोचलीस का, ते त्यानं कुठे बघायचं मग? डोळे पूस. चला, निघतो आम्ही. उशीर झाला की शिळी भाजी गळ्यात मारतात.

वहिनी: सावकाश, आई. खालच्या जिन्यात अंधार आहे.

नणंद: गेली. वहिनी, बघ… विझला.

वहिनी: बघतेय.

नणंद: नवं पान तयार आहे. पहिल्याच चित्रात हत्ती आहे, छत्रीवाला. मागचं दारही झालं. आत्ताच बदलून टाकते, म्हणजे आईच्या डोळ्यांदेखत नको.

वहिनी: थांब.

नणंद: अगं, प्रकाशकबाई उद्या…

वहिनी: उद्याच ना? माझं नाव तेवढं मोठं कर तोवर. बाकी राहू दे जरा.

नणंद: आता कशाला थांबायचं?

वहिनी: ते बाहेर गेलेत गं. दोघं घरी येऊ देत, मग घर हलव.