डाव्या पाकळीचा चीक

मंडळी, एक विचारतो. खरं सांगायचं! गेल्या वर्षी ज्याचं सगळं छान झालं — पीक आलं, पोराचं लग्न झालं, गुडघा दुखायचा थांबला — त्यातल्या किती जणांनी म्हटलं, “देवानं राखलं”? आणि ज्याचं बिनसलं, त्यातल्या किती जणांनी म्हटलं, “देव झोपलाय”?

हसताय? हसा! मी नावं घेणार नाही. पण पुढच्या रांगेतले दोघे एकदम खाली बघायला लागले, ते मला दिसलं!

तर आजचा प्रश्न असा — देव राखतो, राखतो म्हणतो आपण. राखतो म्हणजे नेमकं करतो काय? पेटीवाले, जरा हळू. आता ऐका.

आमच्या कोकणात, समुद्राच्या काठाला एक गाव. गावाचा देव रवळनाथ. आणि तिथं एक तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य माणूस. नाव जगू. छाती अशी, दंड असे! त्याचा धाकटा भाऊ सदा. वैशाखातच लग्न झालेलं. लग्नातला शेला अजून कमरेला बांधून फिरायचा! बायको म्हणायची, “अहो, सोडा आता!” हा काही सोडेना.

एक हंगाम असा आला मंडळी — जाळं टाकावं आणि भरून यावं! सुरमई काय, पापलेट काय! जगूची बायको भागी, शहाणी बाई. ती म्हणाली, “ओ, एक नारळ देवाक ठेवून येवा.”

जगू काय म्हणाला? “देव काय माझी होडी वल्हवता? जाळा मी टाकलंय, मी ओढलंय!”

वा रे वा! समुद्र यानं भरला, मासे यानं पोहायला शिकवले!

आणि मग? दुसरा हंगाम. जाळं टाकलं, शेवाळ आलं. पुन्हा टाकलं, फाटून आलं. मासा म्हणून दिसेना. घरात चूल एकदाच पेटायला लागली. आता जगू कुठं? देवळात! सकाळी देवळात, संध्याकाळी देवळात. आधी देवाला याची वाट बघावी लागायची, आता देवाला याच्यापासून सुटका नाही!

पुढच्या वर्षीची नारळी पौर्णिमा झाली. एरवी होड्या सुटायच्या. पण त्या वर्षी आभाळ काही निवळेना. म्हातारेकोतारे म्हणाले, थांबा. सगळं गाव थांबलं. जगूला दम धरवेना. तो म्हणाला, “मी देवाक कौल लावतंय. देव व्हय म्हणालो, तर मी जातलंय!”

आता तुम्ही घाटावरची मंडळी, तुम्हाला कौल सांगायला हवा. गुरव देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावतो, नुसत्या पाण्यानं. एक उजवीकडं, एक डावीकडं. मग देवाला गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. संपलं! वाद नाही, अपील नाही.

आबा गुरवानं पाकळ्या लावल्या आणि तो कापूर आणायला बाहेर गेला. गाभाऱ्यात कोण? जगू आणि देव. दोघेच!

जगूच्या हातात होती एक काठी. तिच्यावर फणसाचा चीक गुंडाळलेला. होडीच्या फळीला फट पडली की हा चीक गरम करायचा, फटीत भरायचा. प्रत्येक होडीवर ही काठी असतेच. जगूनं ती काठी समईवर धरली. चीक वितळला. आणि हळूच — मंडळी, हळूच — त्यानं डावी पाकळी उचलली, मागं चीक लावला आणि परत चिकटवली!

अहो, देवाचं तोंडच बंद केलं की यानं!

आबा आला, गाऱ्हाणं घातलं. आणि टप्! उजवी पडली. जगू उड्या मारत बाहेर! “सदा! देवान उजवो दिल्यान! चल!” काठी? काठी राहिली तिथंच, समईच्या मागं.

होडी सुटली. इकडं आबानं मूर्तीला स्नान घालायला घेतलं. पाणी घातलं, डावी पाकळी पडेना. चोळली, निघेना. बोट लावलं — बोट चिकटलं! आबा तसाच धावत किनाऱ्यावर. पण होडी ठिपक्याएवढी झालेली. आणि मागून आभाळ आलं... काळं! काळंकुट्ट!

मृदंगमणी, वाजवा! आलं वादळ!

लाट अशी उठली की होडी उभी! डोलकाठी कडाडली आणि मोडली. शीड गेलं, जाळं गेलं. जगू — तो छातीचा जगू — डोलकाठीच्या बुंध्याला मिठी मारून बसलाय! आणि सदा? सदा पाणी उपसतोय. उपसतोय आणि हसतोय! म्हणतो, “दादा, देवान उजवो कौल दिल्यान ना? मगे घाबरतंस कित्याक?”

आई गं! ते वाक्य कुठं लागलं असेल जगूला!

तेवढ्यात तळाची फळी उसवली. पाणी भसाभसा आत! सदा ओरडला, “चिकाची काठी दी! बेगीन!”

जगू नुसताच इकडंतिकडं चाचपायला लागला.

“दादा, काठी खंय आसा?”

“देवळात ऱ्हवली.”

“देवळात? चीक देवळात कित्याक?”

आता मात्र जगूचा बांध फुटला. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. “डावी पाकळी मी चिकटवलंय, सदा! देवान व्हय म्हणूक नाय. मी म्हणवून घेतलंय! आता खंयच्या तोंडान त्याका हाक मारू? तुका मी मारलंय रे!”

मंडळी, सदानं काय करावं? तुम्ही काय केलं असतं? मी तर आधी एक ठेवून दिली असती!

सदानं कमरेचा शेला सोडला. तोच, लग्नातला! त्याचा बोळा केला, फटीत कोंबला, वर आपली टाच दाबून उभा राहिला आणि म्हणाला, “कौल खोटो. देव खोटो नाय. तू पाणी उपस!”

आहाहा! पुन्हा ऐका! “कौल खोटो. देव खोटो नाय. तू पाणी उपस!”

आणि जगू उपसायला लागला. रडतोय आणि उपसतोय. “देवा, देवा” म्हणतोय आणि उपसतोय!

किनाऱ्यावर काय चाललंय? आबा गुरव गुडघाभर पाण्यात. मागं भागी, तिच्या मागं सदाची बायको, मागं सगळं गाव. आबानं हात जोडले, “बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान तुझा तोंड बंद केल्यान. तू तुझे डोळे बंद करू नको, म्हाराजा!” आणि गाव म्हणालं — म्हणा मंडळी माझ्याबरोबर — व्हय म्हाराजा!

काय हो, जेवून आलात ना? दोन माणसं बुडतायत तिकडं! जोरात! व्हय म्हाराजा!

हां! आता पोचलं!

दिवस कलायच्या आत होडी खाडीच्या तोंडाशी वाळूला लागली. डोलकाठी नाही, जाळं नाही. सदाची टाच अशी फाटलेली की पुढं जन्मभर तो लंगडत चालला. पण दोघे भाऊ जिवंत! भागी धावली ती थेट पाण्यात. सदाची बायको त्याच्या शेला नसलेल्या कमरेला मिठी मारून रडली.

आता सांगा, देवानं काय केलं? वादळ थांबवलं? नाही. लाट आवरली? नाही. फळी सांधली? नाही हो! भावाची टाच दिली! ज्यानं देवाचं तोंड चिकटवलं, त्याच्याच होडीत देवानं सदा बसवून ठेवला होता. चांगल्या हंगामातही तो होताच की तिथं, वल्हं मारत. जगूनं कधी बघितलं?

दुसऱ्या दिवशी जगू देवळात गेला. आबानं खोबरेल तेलाची वाटी पुढं सरकवली. फणसाचा चीक तेलानंच सुटतो. जगूनं बसून, बोटानं, हळूहळू ती पाकळी सोडवली. आबा म्हणाला, “आता लाव कौल. इचार देवाक, पुढे राखतलंस काय म्हणान.”

जगूनं मान हलवली. “नको आबा. माझ्या भावाची टाच बघून इलंय मी. आता इचारूचा काय रवला नाय.”

पुढं चांगले हंगाम आले, वाईटही आले. चांगल्यात जगू एक नारळ घेऊन देवळात यायचा. वाईटातही तोच, एक नारळ! ना जास्त, ना कमी. आणि होडीत चढताना आधी सदाला हात द्यायचा.

मंडळी, आता जगूला सोडा. आपण काय करतो? “देवा, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे” म्हणतो — आणि जावई आधीच ठरवून येतो! “तूच मार्ग दाखव” म्हणतो — आणि नको तो मार्ग आधीच चिकटवून येतो! मग वादळ आलं की विचारतो, देव कुठं गेला? अरे, तुझ्या शेजारी टाच दाबून उभा आहे तो! बायकोच्या रूपात असेल, भावाच्या रूपात असेल — ज्याच्याशी तू गेली दोन वर्षं बांधावरून बोलत नाहीस, त्या भावाच्या रूपात असेल!

आपापली बोटं बघा. चिकटतायत?

देवळाच्या दारात मी खोबरेल तेलाची वाटी ठेवून आलोय. खरंच ठेवलीय, बाहेर पडताना दिसेल! ज्याच्या बोटाला चीक असेल त्यानं बुडवावं, पुसावं, आणि घरी जायच्या आधी भावाच्या दारावरून जावं. मी बघत उभा राहणार आहे, वाटीशी कोण थांबतं ते!

बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांची बोटं सुटी कर म्हाराजा!

म्हणा —

व्हय म्हाराजा!