चौदाव्या भागातलं 'येतो'

— नाही भेटले वं, अजून नाही भेटले! हारुगा-मिसेनची ताटातूट होऊन पंचवीस वर्षं झाले, भाग एकोणसत्तरावर गेले, आन् हारुगा अजून पुलावर पोचूनच राहिला. तुले काय वाटलं, येवढ्या वर्षात लग्न होऊन त्यायचे लेकरं शाळेत गेले असतीन? अवं बाप्पा, त्या जपानी बुवानं सात बुरूज पाडले, तीन राजे मारले, एका ड्रॅगनले तं मारून दोन डाव जिता केला — पन दोन मानसं समोरासमोर उभे करून दोन शब्द बोलवाचे म्हटलं का त्याचा हात थरथरते. चार-पाच भागानंतर एक चौकट देते. मिसेन कंदील घेऊन पुलावर उभी. बस. पान पलटवलं का पुन्हा तलवारबाजी. हा एकोणसत्तरावा कालच आला, प्लास्टिकही नाही काढलं मी — म्हनतात, यात तो पुलाच्या पायथ्याशी येते. पायथ्याशी! म्हंजे सत्तराव्यात पहिली पायरी. तू बस ना, काहून उभी आहे? तो फॉर्मचा गठ्ठा सरकव आन् बस. लोकं आता इथं झेरॉक्स काढाले येतात, परीक्षेचे फॉर्म भराले येतात, लायब्ररीची पाटी कोनी वाचत नाही. 'सात बुरूज'चे मांगा, हे जपानी चित्रायचे पुस्तकं, विकाचे आहेत म्हनून तू दारात उभी राहिली, तं मले माहेरचं मानूस आल्यावानी वाटलं. काय नाव म्हनली — अश्लेषा? आन ती पिशवी इकडं.

हं, पंधरा, सोळा, सतरा... ओळीनं आहेत. कोनी जपले वं इतके? एक पान दुमडलेलं नाही. आन् हे काय, पेन्सिलीनं लिहिलं आहे. बाविसावा भाग, मिसेनची चौकट, आन् बाजूले — 'अजून नाही.' हा हा! हे पाय, एकतिसाव्यातही. 'अजून नाही.' चाळिसाव्यातही. जिथं मिसेन तिथं हे. कोनीतरी माह्यावानीच येडं आहे, आन् मी समजत होतो का नागपुरात आपन एकटेच. आन् हा खाली... चौदावा? चौदावा तं माह्याजवळही नाही. माह्या रॅकवर तेरानंतर डायरेक पंधरा. लोकं विचारतात, भाऊ, चौदा कुठं गेला? मी म्हनतो, बाहेर आहे, येईन. पंचवीस वर्षं झाले, बाहेरच आहे.

थांब. हा शिक्का माह्या लायब्ररीचा आहे. अक्षरही माह्यंच आहे. कोनाचे पुस्तकं होत हे? आत्याचे? नाव काय तुह्या आत्याचं? — अंजू. हो. अंजूच असन, दुसरं कोन राहीन.

तुले कोनी सांगितलं नसन. तुही आत्या उमरेडकडून शिकाले भावाकडं आली होती, तुह्या बापाकडं; पुण्याले जाच्या आधी तो या इथं नंदनवनातच राहे, दोन गल्ल्या सोडून. पहिला भाग नेला आन् दुसऱ्याच दिवशी आनून आदळला माह्यासमोर — म्हने, भाऊ, हे पुस्तक उलटं बांधलं, यात मानूस आधी मरते आन् मंग लढते! जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात हे तिले कोन सांगन? मी सांगितलं. इंग्रजी तिले जमे नाही, मराठी मिडियम, तं मी पेन्सिलीनं बोलन्याच्या प्रत्येक फुग्याच्या बाजूले मराठी लिहाले लागलो. मराठी म्हंजे आपली — हारुगा ड्रॅगनले म्हनते, 'काहून बे, भल्ला माज आला का तुले?' ती हासे. इथं दुकानात नाही, घरी जाऊन हासे, आन् दुसऱ्या दिवशी सांगे का किती हासली. आमचं घर महाल भागातलं, हातमागवाल्यायचं — बाबा म्हने, पोराच्या अकलेचा धागा तुटला, चित्रायच्या पुस्तकात लिहून राहिला. पन बाई, चौदा भाग लिहिले मी. असं काम मंग कोनतंच केलं नाही.

चौदाव्यात हारुगा मिसेनले पुलावर सोडून निघते. शेवटच्या पानावर इंग्रजीत सरळ आहे — मी चाललो. मी लिहिलं, 'येतो.' आपल्याकडं निघताना कोन जातो म्हनते? जातो म्हटलं तं आई मुस्काटात मारे. आन् त्याच्या खाली पांढऱ्या जागेत मी एक सवाल लिहिला. हारुगाचा नाही, माहा. तिले पाहाले पाहुने येऊन राहिले होते ना. त्या हप्त्यात तिचं बाहेर निघनं बंद होतं — तुह्या बापाले दोष नाही देऊन राहिलो मी — तं मीच पुस्तक घेऊन दारावर गेलो. तुही आई म्हने चहा घ्या. नाही घेतला. पुस्तक अंजूच्या हातात देल्लं, 'येतो' म्हटलं, आन् निघालो. इतकंच.

मंग वाट पाहिली. ती पाटी पाय वरती — 'पुस्तक वाचकाने स्वतः आणून द्यावे.' बाबानं रंगवून देल्ली होती. मी कोनाच्याच घरी पुस्तक मांगाले गेलो नाही, तिच्या घरी कसा जाऊ? पुस्तक येईन तं जबाब येईन. नाही आलं तं तोच जबाब. नाही आलं. पाहुने वापस गेले ऐकलं, हुडकेश्वरले शाळेत मास्तरीन झाली ऐकलं, लग्न नाही केलं तेही ऐकलं. हुडकेश्वर काही दिल्ली नाही, इथून ऑटो जाते. पन मी म्हटलं, जिनं पुस्तक वापस नाही केलं तिच्या दारी काय तोंड घेऊन जावं? अशात माह्यंही लग्न राहूनच गेलं.

आन् आता पाठवलं! तेही भाचीच्या हातानं! असं नाही चालत वं. तिले सांग, कायदा म्हंजे कायदा, सोता घेऊन ये म्हना. चहा पाजतो. हा एकोणसत्तरावाही आहे, प्लास्टिक तिच्याच हातानं काढू. अजून आहे ना शाळेत? रिटायर व्हाले तं लय वर्षं आहेत तिले, माह्याहून दोन वर्षानं लहान —

काय म्हनली?

गेली? कुठं गेली, पुण्याले का, तुह्या बापाकडं —

हं.

दिवाळीच्या आधी. हं. मले कोनी सांगितलं नाही. काहून सांगन कोनी, मी कोन? नाही, पानी नको. तू रडू नको वं, तू रडशीन तं मी... थांब. शेवटचं पान पाहू दे. आता पाहाले काय जाते.

हे माह्यं — 'अंजू, तुह्यं काय म्हननं आहे?' आन् खाली तिचं. गोल गोल अक्षर. वाच तू, माहा चष्मा... नको, मीच वाचतो. 'भूपेश, तुमी येतो म्हटलं आहे. या मंग. आल्यावर सांगीन.'

अवं, ते... ते तं निघताना म्हनतात तसं म्हटलं होतं मी! दूधवाला म्हनते, पोस्टमन म्हनते, सारं नागपूर दिवसातून दहा डाव म्हनते, त्याचा अर्थ येतो असा थोडीच असते! तिनं तेच धरून ठेवलं. ती तिथं दाराकडं पाहून राहिली, आन् मी इथं या पाटीखाली. आन् हे 'अजून नाही, अजून नाही' — हारुगाचं नव्हती लिहून राहिली ती. माह्यं लिहून राहिली होती. अडुसष्टावा पाय, अक्षर पार हाललं आहे, पन तेच. अजून नाही. कोनी अडवलं नव्हतं वं मले. कोनीच नाही. रस्ता होता, ऑटो होता, मीच नाही गेलो.

पुस्तकं राहू दे इथं. हा एकोणसत्तरावा तू घेऊन जा, मले नाही वाचाचा. तो पोचू दे पुलावर, नाही तं नको पोचू दे. ऊठ आता, मले शटर ओढाचं आहे. हो, दुपार आहे, माहीत आहे मले. दुपारीच ओढतो.

काय म्हनली? 'येते, काका'?

नको म्हनू. निघनाऱ्याले आपल्यात 'ये' म्हनतात, पन मी नाही म्हनत तुले. जा, पोरी. जा.