गुडघ्यातली अक्कल

नाही, तू पुढेच बस. तिथं स्टिअरिंगपाशी बस आणि काय दाखवायचं ते दाखव, मी इथं मागेच बरा आहे — डाव्या बाजूला, हो, मुद्दामच — आणि ते काका काका जरा कमी कर, गाडी घेईपर्यंत काका आणि घेतल्यावर पुढच्या काउंटरला विचारा, मला ठाऊक आहे सगळं. मुलगी माझी तिकडे काचेच्या खोलीत तुमच्या साहेबासमोर बसलीये, कागदांचं ती बघेल, तिला वाचता येतं. माझं चौथीपर्यंतचं, तेही अर्धं विसरलेलं. मला तिनं एकाच कामाला आणलंय. बाबा, तुम्ही आत बसून बघा, दारातलं तुम्हाला कळतं, तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार — असं म्हणाली. म्हणजे बघ, तुझ्या त्या गुळगुळीत पुस्तकावर नाही आणि साहेबाच्या टायवर नाही, माझ्या एका शब्दावर अडलीये ही गाडी. तेव्हा घाई करू नकोस.

स्वस्त आहे म्हणतेस. ते बाहेर हत्तीएवढ्या अक्षरात लिहिलंय, ते मलाही वाचता आलं. पण स्वस्त का आहे ते कुठे लिहिलंय? एवढ्या लांबून जहाजात घालून आणायची, उतरवायची, जकात भरायची, तुला पगार द्यायचा, तुझ्या साहेबाला टाय द्यायचा, आणि तरी इथल्या गाडीपेक्षा स्वस्त — मग मधलं काय काढून घेतलंत? मघाशी डिकी उघडायला लावली तर आत स्टेपनी नाही. स्टेपनीच्या जागी काय, तर दाढीच्या फेसासारखा एक डबा. टायर फुटलं की भोकात फेस मारायचा म्हणे आणि जायचं. अगं, टायरची दाढी करायची आहे का मला? आणि हा टीव्ही. पंखा कमी करायला टीव्ही दाबायचा, गार करायला टीव्ही दाबायचा, आणि चालवताना रस्त्यावर कुणी बघायचं, तू बघणार? उद्या तो टीव्ही बंद पडला की गाडीला घाम फुटेल, पण काच खाली करता येणार नाही. आणि आरसा फुटला तर? हं? मी विचारतो, आरसा फुटला तर किती दिवस? — तीन महिने. आरसा जहाजातून सावकाश समुद्र बघत येणार, तोवर माझ्या मुलीनं मागे बघायचंच नाही.

वॉरंटी सात वर्षं, ते ऐकलं मी, तिसऱ्यांदा ऐकलं. सात वर्षांनी मी नसेन, तू दुसऱ्या दुकानात दुसरं काही विकत असशील, आणि तुमच्या कंपनीनं त्याआधीच गाशा गुंडाळला तर ती वॉरंटी काय फ्रेम करून भिंतीला लावायची? — नाही, तू खोटं बोलतेस असं म्हणत नाही मी. तुला जे पाठ करायला दिलं ते तू म्हणतेस. मीही चौतीस वर्षं तेच केलं.

आता चांगलं सांगतो, मी काही आंधळा नाही. उंची बरी आहे. वाकावं लागत नाही, सरळ येऊन टेकता येतं, माझे गुडघे गेलेत, खालच्या गाडीत बसलो तर मला काढायला दोन माणसं लागतात. पत्रा वाटला होता तेवढा पातळ नाही, वाजवून बघितला. आणि गिअर नाही. ते —

काय म्हणालीस? लेडीजना सोपी पडते? अगं, माझी मुलगी चौदा वर्षं गिअरची गाडी हाणतेय. लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेते ती, दिवसाला पंधरा-वीस घरं, अशा गल्ल्यांतून गाडी मागे घेते की तुझा साहेब तिथं चालत जायला घाबरेल. बाईमाणूस म्हणून नाही घेत ती ही गाडी. तिचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. गिअर टाकायचा तर हातानं टाकत नाही, अख्खा खांदा पुढे ढकलते, दिवसातून हजार वेळा, आणि आता तो खांदाही झिजला. हाडांचा डॉक्टर म्हणाला, एक तर गिअर बंद करा नाहीतर गाडी बंद करा. गाडी बंद म्हणजे काम बंद. आणि बिनगिअरची कोरी गाडी तिच्या ऐपतीत बसेल अशी ही एकच. इथली घ्यायची तर त्या पैशात कुणीतरी वापरून चोथा केलेली मिळते. हे मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं म्हणूनच तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण मी दारं बसवायचो. गाडीच्या कारखान्यात, चौतीस वर्षं, लाईनवर. माझं नाव तिथं कुणाला माहीत नव्हतं, मला गुडघा म्हणायचे. अरे गुडघ्याला बोलवा, गुडघा जेवायला गेला का. का म्हणायचे? दार बिजागरीवर टांगलं की ते कधीच नीट बसत नाही, वर फट राहते आणि खाली घासतं. मग दार अर्धं उघडायचं, खालच्या कडेला गुडघा लावायचा, वरची कड दोन्ही हातांनी धरायची — आणि एक दणका. बिजागरी केसभर वाकते, फट सारखी. नवे लोक लाकडी हातोडा घ्यायचे आणि पत्र्याला पोचे पाडायचे. मला नाही लागला कधी. अक्कल गुडघ्यात असते म्हणतात ना, माझी खरंच तिथं होती. पाहुणे आले की साहेबलोक त्यांना माझ्यापाशी आणून उभे करायचे, हा बघा, म्हणायचे, नुसत्या गुडघ्यानं.

आणि अकरा वर्षांमागे फाटकाला कुलूप. कुणामुळे? या तुझ्या गाडीमुळे, हिच्या थोरल्या बहिणींमुळे — कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. आमचा रंगवाला आता कुणाच्या तरी गोदामाबाहेर शिट्टी फुंकतो, सीट शिवणारा उशांना अभ्रे शिवतो, आणि गुडघा इथं बसून हिची दारं तपासतोय. थुंकावंसं वाटतं. थुंकत नाही, गालिचा नवा आहे तुझा.

आता गप्प बस आणि ऐक, हे दार लावतो. — ऐकलंस? नाही ऐकलंस, ऐकण्यासारखं काही नव्हतंच. नुसतं टेकलं आणि लागलं. फट बघ, वरपासून खालपर्यंत एकच, मघाशी बोट फिरवलं, कुठे अडखळलं नाही. मला चीड येते ती याची. खराब असती तर बरं झालं असतं, दोन मिनिटांत नको म्हणून घरी गेलो असतो, मान ताठ ठेवून. कोण बसवतं तिकडे दारं? — यंत्र? माणूस नाहीच? आणि नाही बसलं तर? — लाईन थांबते? अख्खी? एका दारासाठी? आमच्याकडे लाईन थांबवली असती तर साहेबानं मला थांबवलं असतं, कायमचं. थांबवायची नव्हती म्हणून तर गुडघा होता. यंत्राला गुडघा नसतो, म्हणून त्याला लबाडी करता —

काही नाही. पुढचं दाखव. हे काय, दाराच्या कडेला हे बोटाएवढं? चाइल्ड लॉक. म्हणजे आत बसलेल्या पोरानं हँडल ओढलं तरी उघडायचं नाही. बरं. — कुणी विचारलं? माझ्या मुलीनं? आल्या आल्या? किमतीच्या आधी?

विचारणारच. तिच्या मुलीला, माझ्या नातीला, गाडीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसवते ती. परीक्षेला बसवल्यासारखं. मी लहानपणी हँडलशी खेळले, दार उघडलं, हा बघ माझा हात — असं सांगते तिला. माझ्यासमोर सांगते. मी खिडकीबाहेर बघतो. आणि तूही तेच सांगतेस, पोरांनी दार उघडू नये म्हणून ही सोय. अगं, पोरं दार उघडत नाहीत. कुणी भरवलंय हे तुमच्या डोक्यात? दार उघडतं, कारण ते लागलेलंच नसतं. बंद दिसतं. बंद दिसणं वेगळं आणि लागणं वेगळं, आणि हे या शहरात माझ्याइतकं कुणाला —

वळू नकोस. पुढे बघ. तो टीव्ही बघ.

दाराचा खटका दोन टप्प्यांत लागतो. पहिल्यात नुसता अडकतो, दुसऱ्यात धरतो. एका आठवड्यात आमच्याकडे खटके आले ते दुसऱ्या टप्प्यात जाईनात. दार केसभर बाहेर राहायचं. मी साहेबाला दाखवलं. साहेब म्हणाला, फट दिसतेय ना, मग फट घालव, तुला गुडघा कशाला दिलाय देवानं. घालवली. बिजागरी वाकवली, बाहेरून आरशासारखं सपाट, आत खटका अर्धाच. पास. खडूची खूण. दोनशे चाळीस दारं. बाकीच्यांचं काय झालं मला माहीत नाही. पेपरात कुठे काही येत असेल तर यायचं, मला धड वाचता येत नाही याचा तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला.

आणि त्यातलं एक माझ्याच गाडीचं. कामगारांना सवलतीत मिळायची, माझा नंबर त्याच आठवड्यात लागला. ही परत पाठवली असती तर आणखी चार महिने थांबावं लागलं असतं, आणि घरी बायकोनं शेजारपाजारी सांगून ठेवलेलं, या महिन्यात गाडी येतेय. म्हटलं, आपलीच आहे, जपून लावू दार. डाव्या बाजूचं मागचं. स्वतःच्या हातानं — हातानं कसलं.

नऊ वर्षांची होती ती. वळणावर दार उघडलं आणि ती गेली. मला आवाज आला तो दाराचा, तिचा नाही. आरशात बघितलं तर मागची सीट रिकामी.

दवाखान्यात बायको विचारते, दार उघडलंच कसं? मी म्हणालो, हिनंच उघडलं असणार, सारखी हँडलशी चाळा करत असते. किती वेळ लागतो एवढं म्हणायला? मोजून बघ. पोर शुद्धीवर आली तेव्हा आई रागावली तिच्यावर, भीतीनं रागावली. ती म्हणाली, मी नाही उघडलं. आईनं पुन्हा विचारलं. मी नाही. मी तिथंच खाटेच्या पायथ्याशी उभा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. आणि मग हळूहळू तिला ते आठवायलाच लागलं. आता सगळं आठवतं तिला — हँडल गार होतं, बाहेर लाल ट्रक होता, सांगते ना नातीला. अगं, जे झालंच नाही ते आठवतं तिला. एकोणतीस वर्षं. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, जातानाही तिला वाटत होतं, आपली पोर व्रात्य होती.

साहेबानं सांगितलं, हो. मीच म्हणालो, साहेबानं सांगितलं. मान्य. पण दवाखान्यात साहेब नव्हता. तिथं कुणी लाईन धरून नव्हतं बसलेलं, दहा मिनिटं थांबवली असती तर काही बिघडलं नसतं. आणि मी अकरा वर्षं चौकाचौकात बोंबलतोय, बाहेरच्यांनी आमचा कारखाना खाल्ला, बाहेरच्यांनी खाल्ला. खाई त्याला खवखवे.

रडू नकोस. तू कशाला रडतेस? तुला काय त्याचं? नाक पूस, गिऱ्हाईक बघेल.

ती उठली बघ. साहेबाशी हात मिळवला, उजवा. येतेय. डावा हात असा पोटाशी धरून चालते, लोकांना वाटतं पर्स सांभाळते. — काय, सांगू का म्हणजे? तू काय सांगणार तिला? तुला कुणी विचारलंय? गाडी घे, हे मी सांगेन. स्टेपनी वेगळी मागून घे, हेही मीच सांगेन. आणि उरलेलं… तुझी मान समोर होती म्हणून एवढं तोंडातून निघालं. तोंड समोर असतं तर निघालं नसतं. तिचंही नको समोर.

ऊठ. ती जागा तिला दे. आणि बोलावल्याशिवाय इकडे फिरकू नकोस.