अप्पाचा पिवळा ताप

शेजारच्या बसअप्पाचं माझ्यापेक्षा सगळं वरचढच बघा. लातूरला आम्ही टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होतो, त्या साली हा पोराकडं केनियाला जाऊन आला. जायच्या आधी पिवळ्या तापाची लस टोचून घेतली आणि तिचं पिवळं कार्ड शर्टाच्या खिशातून दिसेल असं मिरवलं. "तिथं उकळल्याशिवाय पाण्याला तोंड लावलं न्हाई," हे तर मला रोज ऐकवायचा.

येऊन दोन महिने झाले आणि त्याला कावीळ झाली. त्याच आठवड्यात मलाबी झाली. पण समदी गल्ली मोसंबी घेऊन अप्पाकडं. "आफ्रिकेचा पिवळा ताप हाय म्हणं." माझ्याकडं काळं कुत्रं फिरकलं न्हाई. माझी कावीळ गावठी ना.

शेवटी दोघं एकाच डॉक्टरपुढं बसलो.

"अप्पा, इथं आल्यावर पाणी उकळत होता का?"

"इथं कशाला, डॉक्टर? आपलंच गाव हाय की."

"मग हा आफ्रिकेचा ताप नाही. तुमच्या दोघांच्या टँकरची कावीळ आहे."

खरं सांगतो, माझी निम्मी कावीळ तिथंच उतरली.